७७७ नको, आधी लॉग वाचा

फेब्रुवारी उजाडला की नाशिकच्या अभियांत्रिकी, पदविका, बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षात प्रोजेक्टची घाई सुरू होते. कोणी किराणा दुकानाचं बिलिंग करतं, कोणी द्राक्षबागेच्या फवारण्यांची नोंदवही, कोणी सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशेब. विषय वेगवेगळे असले तरी मांडामांड बहुतेकांची सारखीच: लॅपटॉपवर झॅम्प किंवा उबंटू, त्यात अपाचे, पीएचपी आणि मायएसक्यूएल. कोड लिहून होतो, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पत्ता टाकला जातो आणि पडद्यावर ‘४०३ फॉरबिडन’ उमटतं.

मग शेजारचा मित्र सांगतो, ‘सीएचमॉड ७७७ मार, चालेल.’ मारलं की बऱ्याचदा चालतंही. सादरीकरण पार पडतं, गुण मिळतात आणि ७७७ अंगवळणी पडतं. पुढे तोच मुलगा किंवा तीच मुलगी एखाद्या दवाखान्याची, पतसंस्थेची वेबसाइट लाइव्ह सर्व्हरवर चढवते, तेव्हा ही सवयही सोबत जाते. विद्यार्थ्यांनो, नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींनो, घरबसल्या वेबसाइट करून देणाऱ्यांनो, माझी विनंती या एका सवयीबद्दल आहे. परवानग्या उघड्या टाकण्याआधी सर्व्हरने काय लिहून ठेवलंय ते वाचा. आणि वाचल्यावर ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्या.

नाशिकमध्ये हे बोलायची गरज जास्त आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ईएसडीएस या कंपनीचं डेटा सेंटर आहे. सर्व्हर सांभाळणं हा आता आपल्या गावातला रोजगार आहे. गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागतं. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे विद्यार्थी नोकरी किंवा शेती सांभाळून घरी अभ्यास करतात. अडलं तर शेजारच्या बाकावर विचारायला कोणी नसतं. शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. पंचवटीपासून त्र्यंबकपर्यंतचे लॉजवाले आणि गाडीवाले बुकिंगसाठी वेबसाइट करून मागतील, तेव्हा त्यातलं बरंच काम आपल्याच नवशिक्या मुलांकडे येईल. त्या वेबसाइटवर यात्रेकरूंची नावं, फोन नंबर, ओळखपत्रांच्या प्रती असतील.

आधी आकडा ओळखा

‘साइट चालत नाहीये’ एवढ्यावरून कोणालाच मदत करता येत नाही. ब्राउझर काय म्हणतो ते नीट पाहा. जोडणीच होत नाही असं तो म्हणत असेल, तर सर्व्हर सुरू नाही किंवा दुसऱ्याच पोर्टवर सुरू आहे. अशा वेळी परवानग्यांशी झटापट करून काही मिळणार नाही. ४०४ आलं, तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलात, पण मागितलेली वस्तू त्याला तिथे सापडली नाही. ४०३ म्हणजे मागणी त्याला समजली आणि त्याने द्यायला नकार दिला. ५०० म्हणजे काम करताना आत काहीतरी मोडलं. ५०२ आलं, तर पुढे उभा असलेला सर्व्हर ठीक आहे. मागे पीएचपी किंवा नोड चालवणारी प्रक्रिया त्याला नीट उत्तर देत नाही.

दोष कोडमध्ये आहे की सर्व्हरच्या मांडणीत, हे ठरवायची एक सोपी चाचणी आहे. पीएचपीमध्ये २०१२ साली आलेल्या ५.४ या आवृत्तीपासून स्वतःचा छोटा सर्व्हर मिळतो. टर्मिनल उघडून प्रोजेक्टच्या फोल्डरात जा आणि ‘पीएचपी’, मग डॅश आणि मोठ्या लिपीतला एस, मग ‘लोकलहोस्ट:८०००’ असं लिहून तो सुरू करा. हा सर्व्हर तुमच्याच नावाने चालतो. तुमच्या फाइली तुम्हाला वाचता येतात, म्हणून त्यालाही येतात. इथे पान दिसलं आणि अपाचेवर दिसलं नाही, तर कोडची उलथापालथ थांबवा. अडचण अपाचेच्या मांडणीत आहे किंवा अपाचे ज्या नावाने चालतो त्याच्या परवानग्यांत.

आणखी एक खबरदारी. ब्राउझर जुनी उत्तरं, विशेषतः ३०१ ची पुनर्निर्देशनं, लक्षात ठेवतो. तुम्ही दुरुस्ती केलेली असते आणि तो जुनंच दाखवत राहतो. तपासणी नेहमी खाजगी विंडोत किंवा टर्मिनलमधून ‘कर्ल’ वापरून करा.

लॉग कुठे असतो, काय सांगतो

अपाचे प्रत्येक नकाराचं कारण लिहून ठेवतो. उबंटूवर ती फाइल ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लॉग’मध्ये, त्यातल्या ‘अपाचे२’मध्ये ‘एरर डॉट लॉग’ या नावाने असते. विंडोजवर झॅम्प असेल तर झॅम्पच्या फोल्डरात ‘अपाचे’, त्यात ‘लॉग्ज’. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलवरच्या ‘लॉग्ज’ बटणातूनही ती उघडते. उबंटूवर एका खिडकीत ‘टेल डॅश एफ’ लावून ही फाइल उघडी ठेवा आणि दुसरीकडे पान पुन्हा मागा. त्याच क्षणी जी नवी ओळ उमटेल ती तुमची.

पडद्यावर दोन्हीकडे ४०३ च दिसतं, पण लॉगमध्ये त्याचे दोन वेगळे प्रकार कळतात, आणि हा फरक शिकलात तर अर्धा त्रास कमी होईल. ओळीत कंसात १३ हा आकडा आणि ‘परमिशन डिनाइड’ असेल, तर नकार ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला आहे. फाइल किंवा वाटेतला एखादा फोल्डर अपाचेला उघडता आलेला नाही. तिथेच एएच०००३५ हा क्रमांक असेल, तर वाटेतल्या कुठल्यातरी फोल्डरातून पुढे जायची मुभा नाही, असं अपाचे स्वतःच सांगतो. एएच००१३२ असेल तर वाट मोकळी आहे, अडचण त्या फाइलच्याच परवानगीत आहे. पण ओळीत ‘क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’ आणि एएच०१६३० असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमचा काहीही संबंध नाही. तुमच्याच कॉन्फिग फाइलने मनाई केली आहे. अशा वेळी ७७७ करून पान दिसणार नाही. मशीन मात्र उघडं पडेल.

तिसरा प्रकारही नेहमी भेटतो. फोल्डरात इंडेक्स नावाची फाइलच नसते आणि फोल्डरातली यादी दाखवायला बंदी असते. तेव्हाही ४०३ येतं, सोबत एएच०१२७६ हा क्रमांक असतो. इलाज म्हणजे इंडेक्स फाइल ठेवणं किंवा पत्ता दुरुस्त करणं. विंडोजवरचं ४०३ बहुतेक वेळा याच प्रकारचं किंवा कॉन्फिगचं असतं, कारण तिथे झॅम्पचा अपाचे साधारणतः तुमच्याच खात्यावर चालतो.

मागणारा कोण, वाट कोणती, करायचं काय

लॉगने परवानगीकडे बोट दाखवलं, तर हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

मागणारा कोण? फाइल तुम्ही उघडत नाही, अपाचे उघडतो. उबंटू आणि डेबियनवर तो ‘डब्लूडब्लूडब्लू-डेटा’ या नावाने चालतो, फेडोरावर ‘अपाचे’ या नावाने, लिनक्सवरच्या झॅम्पमध्ये ‘डीमन’ या नावाने. ‘मला तर फाइल उघडता येते’ हा पुरावा म्हणून उपयोगाचा नाही. सर्व्हरच्या नावाने पाहा: ‘सुडो डॅश यू’ लावून, त्यापुढे डब्लूडब्लूडब्लू-डेटा हे नाव देऊन ती फाइल ‘कॅट’ने वाचायचा प्रयत्न करा. तिथे नकार आला तर दुखणं सापडलं.

वाट कोणती? इथे सर्वांत जास्त मुलं अडकतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात माजघरात पोचायचं तर आधी दिंडी दरवाजा, मग चौक, मग ओसरी ओलांडावी लागते. माजघराचं दार सताड उघडं असलं तरी दिंडीला अडसर असेल तर पाहुणा बाहेरच राहतो. फाइलचंही तसंच आहे. तुमची इंडेक्स फाइल सगळ्यांना वाचता येत असली तरी तिच्यापर्यंतच्या प्रत्येक फोल्डरावर ‘एक्स’ म्हणजे आत जाण्याची परवानगी लागते. फोल्डरावरचा ‘आर’ आतली यादी बघू देतो आणि ‘एक्स’ त्यातून पुढे जाऊ देतो. दोन्ही वेगळे आहेत.

उबंटूवर हा अडसर अलीकडे मुद्दाम घातलेला आहे. २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचा होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० ने तयार होतो. म्हणजे दुसऱ्यांना तुमच्या घरात शिरताच येत नाही, आणि अपाचेही त्या दुसऱ्यांतच येतो. त्यामुळे २०.०४ वर बिनतक्रार चालणारी मांडणी २२.०४ किंवा २४.०४ वर ४०३ देते. डेस्कटॉपवर प्रोजेक्ट ठेवून अपाचेच्या फोल्डरातून त्याला सिमलिंक दिला असेल, तर हे हमखास होतं. ‘नेमआय डॅश एल’ ही आज्ञा फाइलचा पूर्ण पत्ता देऊन चालवा. वाटेतल्या प्रत्येक फोल्डराचा मालक आणि परवानगी ती एकाखाली एक दाखवते. अडलेली जागा लगेच दिसते.

इलाज दोन आहेत. चांगला म्हणजे प्रोजेक्ट होममधून काढून ‘व्हार’मधल्या ‘डब्लूडब्लूडब्लू’ फोल्डरात ठेवणं. होममध्येच ठेवायचा असेल तर ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेने फक्त डब्लूडब्लूडब्लू-डेटाला, फक्त ‘एक्स’ द्या. वाटेतला आणखी एखादा फोल्डर अडवत असेल तर त्यावरही तेवढंच द्या. त्याला तुमच्या होममधून पुढे जाता येईल, तिथली यादी पाहता येणार नाही, आणि बाकी कोणाला काहीच मिळणार नाही.

करायचं काय? वाचायला ४, लिहायला २, चालवायला किंवा फोल्डरात शिरायला १. या बेरजेतून एकेक अंक होतो. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. साध्या फाइलीला ६४४ आणि फोल्डरला ७५५ पुरतं: मालक लिहील, बाकीचे वाचतील. वर्डप्रेसची अधिकृत शिफारसही हीच आहे, आणि कुठलाही फोल्डर ७७७ नसावा असं ती स्पष्ट सांगते. सर्व्हरला लिहावं लागतं अशा जागा मोजक्या असतात. लाराव्हेलमध्ये ‘स्टोरेज’ आणि ‘बूटस्ट्रॅप’मधला ‘कॅशे’. वर्डप्रेसमध्ये मुख्यतः ‘अपलोड्स’. तेवढ्या फोल्डरांचा गट डब्लूडब्लूडब्लू-डेटा करा आणि त्यांना २७७५ द्या. पुढचा २ असल्यामुळे आत नव्याने तयार होणाऱ्या वस्तूंनाही तोच गट मिळतो.

तरी एक खाच उरते. लाराव्हेलची लॉग फाइल जो आधी लिहील त्याच्या नावाने तयार होते. तुम्ही टर्मिनलमधून आर्टिझनची आज्ञा चालवलीत आणि त्या दिवशीची फाइल तुमच्या नावाने बनली, तर अपाचेला तीत लिहिता येत नाही आणि काल चालणारी साइट आज ५०० देते. कोड बदललेला नसतो, म्हणून मुलं गोंधळतात. अशा वेळी लॉग फाइलचा मालक तपासा. तसंच कंपोझरला सुडो लावू नका. त्याने ‘व्हेंडर’मधल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे प्रत्येक वेळी सुडो लागत राहतं.

७७७ ने काय बिघडतं

७७७ म्हणजे त्या मशीनवरची कुठलीही प्रक्रिया, कुठलाही वापरकर्ता ती फाइल बदलू शकतो, आणि फोल्डरही ७७७ असेल तर ती पुसू शकतो, तिच्या जागी दुसरी ठेवू शकतो. वेबसाइटच्या फाइल अपलोडमध्ये छोटीशी त्रुटी असली तर हल्लेखोर सर्व्हरच्या नावाने काही करू शकतो. पण सर्व्हरला फक्त ‘अपलोड्स’मध्येच लिहिता येत असेल तर त्याची मजल तिथवरच. सगळं ७७७ असेल तर तो तुमची लॉगिनची फाइलच बदलतो. शेअर्ड होस्टिंगवर शेजारी दुसऱ्यांच्या साइट असतात, त्यांनाही मग तुमच्या फाइलींत हात घालता येऊ शकतो. ज्या होस्टिंगवर एसयू-पीएचपीसारखी व्यवस्था असते, तिथे ७७७ ची पीएचपी फाइल चालवायलाच नकार मिळतो आणि ५०० येतं. लॅपटॉपवर ज्याने चाललं, त्यानेच लाइव्ह साइट बंद पडते.

चुकून वरच्या फोल्डरावर चालवलेल्या ७७७ ची किंमत आणखी मोठी आहे. होममधली एसएसएच किल्ली सगळ्यांना वाचता येऊ लागली की एसएसएच ती वापरायला नकार देतं. सगळ्या सिस्टिमवर मालकी किंवा परवानगी बदलली गेली तर सुडो स्वतःच बंद पडतो, कारण त्याच्या फाइली रूटच्याच मालकीच्या आहेत याची तो आधी खात्री करतो. मग लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकावी लागते, आणि हे बहुतेकदा सादरीकरणाच्या आदल्या रात्री घडतं.

७७७ आधीच मारून झालं असेल तर घाबरू नका, पण सरसकट ६४४ ही लावू नका. त्याने फोल्डरांचा ‘एक्स’ निघून जातो आणि सगळं पुन्हा अडतं. ‘फाइंड’ या आज्ञेला आधी फक्त फोल्डर शोधायला सांगून त्यांना ७५५ करा, मग फक्त फाइली शोधायला सांगून त्यांना ६४४. मग लिहायच्या जागा वेगळ्या उघडा.

आपल्या लॅपटॉपवर कोण येणार, असंही कोणी विचारेल. झॅम्प घरगुती वापराच्या सोयीसाठी बनलेलं आहे. त्यातल्या मायएसक्यूएलच्या रूट खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो, आणि अपाचे सहसा फक्त लोकलहोस्टवर न ऐकता सगळ्या जोडण्यांवर ऐकतो. फायरवॉलने मोकळीक दिली असेल तर हॉस्टेलच्या किंवा कॅफेच्या वाय-फायवर तुमचा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या फोनवरही उघडू शकतो. त्यामुळे लॅपटॉपवरही पासवर्ड ठेवा, आणि काम संपलं की सर्व्हर बंद करा.

कॉन्फिग बदलताना

कॉन्फिग फाइलला हात लावण्याआधी तिची प्रत ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर ‘अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट’ चालवा. ‘सिन्टॅक्स ओके’ आलं तरच रीस्टार्ट करा. अपाचेऐवजी इंजिनएक्स हा सर्व्हर असेल तर ‘इंजिनएक्स डॅश टी’ हेच काम करतं. ते टाळून नुसतं रीलोड केलं आणि फाइलमध्ये चूक असली, तर इंजिनएक्स जुन्याच मांडणीवर चालत राहतो आणि आपला बदल का लागत नाही हे कळत नाही.

जुन्या पुस्तकातून किंवा सीनियरच्या वहीतून कॉन्फिगच्या ओळी उतरवताना आवृत्ती पाहा. फेब्रुवारी २०१२ मध्ये अपाचे २.४ आलं आणि परवानगीची भाषाच बदलली. आधीच्या ‘ऑर्डर’ आणि ‘अलाउ फ्रॉम ऑल’ या ओळींच्या जागी ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ आलं. नव्या फोल्डराला ही ओळ दिली नाही, तर मघाचं एएच०१६३० हमखास. दोन्ही भाषा एकाच फाइलमध्ये मिसळू नका.

मुखपृष्ठ दिसतं आणि आतल्या प्रत्येक पानाला ४०४ येतं, ही वर्डप्रेस आणि लाराव्हेलच्या नवशिक्यांची नेहमीची तक्रार. कारण बहुधा असं असतं की ‘डॉट एचटीऍक्सेस’ फाइल अपाचे वाचतच नाही. ‘अलाउ ओव्हरराइड’ मूळचा ‘नन’ असतो. तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरापुरता तो ‘ऑल’ करा आणि उबंटूवर ‘ए२एनमॉड’ने रीराइट मॉड्यूल सुरू करा. इंजिनएक्स मात्र ‘डॉट एचटीऍक्सेस’ कधीच वाचत नाही. अपाचेवर त्या फाइलच्या भरवशावर एखादा फोल्डर बंद ठेवला असेल, तर इंजिनएक्सवर गेल्यावर तो उघडा पडतो.

सगळ्यांत महत्त्वाचं सांगणं ‘डॉक्युमेंट रूट’बद्दल. लाराव्हेलमध्ये तो ‘पब्लिक’ फोल्डरावर असायला हवा. सोय म्हणून अख्खा प्रोजेक्ट डॉक्युमेंट रूटमध्ये ठेवला, तर ‘डॉट ईएनव्ही’ ही फाइल ब्राउझरमध्ये पत्ता टाकून वाचता येऊ शकते, आणि तिच्यात डेटाबेसचा, ईमेलचा पासवर्ड असतो. ही भीती कल्पनेतली नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय आणि सीसा या संस्थांनी अँड्रॉक्सघोस्ट नावाच्या घातक प्रणालीबद्दल संयुक्त इशारा दिला होता. ती इंटरनेटवर फिरून लाराव्हेलच्या साइटमधल्या नेमक्या याच उघड्या फाइली शोधते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्या दुकानदाराने विश्वासाने तुमच्याकडून साइट करून घेतली, त्याला या संकटात लोटू नका.

विंडोज, फेडोरा, डॉकर

विंडोजवर झॅम्प ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका, तिथे लिहायला विंडोज अटकाव करतं आणि इन्स्टॉलर स्वतःच तसा इशारा देतो. अपाचे सुरू होताच बंद पडत असेल तर ८० क्रमांकाचं पोर्ट दुसऱ्या कोणी धरलंय का ते ‘नेटस्टॅट’ने पाहा. बऱ्याचदा तिथे मायक्रोसॉफ्टची आयआयएस ही स्वतःची सेवा बसलेली असते. ती नको असेल तर बंद करा, नाहीतर अपाचेला ८०८० द्या.

विंडोज फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं एकच मानतं. लिनक्स मानत नाही. कोडमध्ये ‘लोगो’ लहान अक्षरांत आणि फाइलचं नाव मोठ्या अक्षरांत असेल, तर लॅपटॉपवर चित्र दिसतं आणि होस्टिंगवर ४०४ येतं. नावं पहिल्या दिवसापासून लहान अक्षरांतच ठेवा. लोकल साइटला ‘डॉट डेव्ह’ हा शेवट देऊ नका. २०१७ च्या अखेरीपासून क्रोम त्या पत्त्यांना सक्तीने एचटीटीपीएसकडे नेतो. चाचणीसाठी ‘डॉट टेस्ट’ हा शेवट १९९९ पासून राखून ठेवलेला आहे, तो वापरा.

फेडोरा, रेड हॅट किंवा रॉकी लिनक्सवर परवानग्या बरोबर दिसूनही लॉगमध्ये १३ येत असेल तर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा तपासा. होममधून ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल आपलं जुनं लेबल घेऊनच जाते, ‘रिस्टोरकॉन’ने ते दुरुस्त होतं. एसईलिनक्स कायमचं बंद करणं हा ७७७ चाच दुसरा अवतार आहे, तो टाळा. डॉकरमध्ये नावापेक्षा क्रमांक चालतो: उबंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो, डेबियनच्या कंटेनरमध्ये डब्लूडब्लूडब्लू-डेटाचा ३३. दोन्ही क्रमांक जुळवा, म्हणजे फोल्डर सगळ्यांना उघडावा लागणार नाही.

मदत मागताना आणि देताना

मदत मागायला लाजू नका, पण मागताना चार गोष्टी घेऊन जा: ऑपरेटिंग सिस्टिम आणि सर्व्हरची आवृत्ती, लॉगमधली नेमकी ओळ, ‘नेमआय’चं उत्तर, आणि शेवटी काय बदललं होतं ते. पडद्याचा धूसर फोटो पाठवण्यापेक्षा लॉगचा मजकूर पाठवा. पाठवण्याआधी पासवर्ड आणि किल्ल्या काढून टाका. बऱ्याचदा हे गोळा करतानाच उत्तर सापडतं.

शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना माझी हात जोडून विनंती आहे. तोंडी परीक्षेत एक प्रश्न जरूर विचारा: ‘तुझा सर्व्हर कोणत्या नावाने चालतो आणि त्याला कुठे लिहिता येतं?’ प्रोजेक्ट चालला एवढ्यावर पूर्ण गुण देऊ नका. प्रयोगशाळेत एक तास मुद्दाम बिघडवलेला सर्व्हर द्या आणि फक्त लॉग वाचून दोष शोधायला लावा. कंपन्यांतल्या सीनियर मंडळींनो, नव्या मुलाने विचारलं तर घाईत ‘७७७ कर’ सांगू नका. तुमची दोन मिनिटं वाचतात, पण तो मुलगा ती सवय पुढची कित्येक वर्षं वागवतो. क्लासेसवाल्यांनो, तुमच्या छापील नोट्समधून ती ओळ काढून टाका.

आणि तुम्हाला, ज्यांच्या लॅपटॉपवर आज प्रोजेक्ट उघडा आहे: आजच त्या फोल्डरात ‘फाइंड’ चालवून ७७७ परवानगीच्या फाइली आणि फोल्डर शोधा. सिमलिंक नेहमीच ७७७ दिसतात, ते सोडून द्या. उरलेल्या प्रत्येकासाठी सांगता यायला हवं की इथे कोणाला लिहायचंय आणि का. जिथे उत्तर सापडणार नाही, तिथली परवानगी आजच काढून घ्या.